कापसामागं आलेली सराफी

राम राम मंडळी! आज सोन्याबद्दल बोलू, पण भाव नका विचारू बाप्पा, ऐकूनच छातीत धडधड होते. बोलायचंय ते राजस्थानातून आपल्या वऱ्हाडात आलेल्या मारवाडी सराफ घराण्यांबद्दल.

आपल्याला वाटते हे लोक सोनं घेऊनच आले. तसं नाही जी, बरेचसे आले ते कापसामागं. 1861 ते 65 मध्ये तिकडं अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, मग आपल्या कापसाचा भाव असा चढला की विचारू नका, त्यात 1867 ला रेल्वे नागपूरले पोचली. आधी आडत म्हणजे दलालीवर माल विकून देणं, उधारी, सावकारी, अन् सोन्याचं कपाट मागून आलं.

खरा धंदा चालायचा तो गहाणावर. पेरणी आली की बाई गळ्यातली पोत काढून द्यायची, शेठजी ती कसोटीवर घासणार, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकणार, तोळा-मासा-गुंजेत वजन करणार, अन् चिंधीत गाठ मारून नावाच्या चिठ्ठीसंगं तिजोरीत. दिवाळीनंतर कापूस विकला की सोडवायची. पाऊस दगा द्यायचा तेव्हा व्याज चढत जायचं अन् पोत तिथंच राहायची, हेही सांगाव लागते, नुसतं शेठजींचं कौतुक कशाला.

बरं, दागिना शेठजी घडवत नव्हते. गरसोळी, एकदाणी, गोठ हे सगळं गावचा सोनार फुंकणी फुंकून घडवायचा. 1963 ला सरकारचं सुवर्ण नियंत्रण आलं, नवीन दागिना 14 कॅरेटच्या वर घडवायचा नाही म्हणे! आता 14 कॅरेटची पोत आपली बाई घालते का? शेठजीकडं आडत होती, कापड होतं, ते निभावून गेले, पण सोनाराकडं भट्टीशिवाय होतं काय, कित्येकांनी हत्यारं गुंडाळली. 14 कॅरेटची अट तीनेक वर्षांत उठली, कायदा मात्र 1990 ला गेला, तोवर पोरं दुसऱ्या कामाला लागलेली.

आता पेढीच्या मागच्या खोलीत बसते बंगाली कारागीर, मेदिनीपूर-हुगळीकडचा. म्हणजे परमुलखातून आलेल्याच्या दुकानात परमुलखातून आलेल्याचाच हात, अन् पोत आपल्या वऱ्हाडी पद्धतीची, मला तर याचीच मोठी गंमत वाटते.

2021 पासून हॉलमार्कची सक्ती लागू व्हायला लागली, 22 कॅरेटवर 916 चा शिक्का पाहूनच घ्या. अन् आजीची जुनी पोत मोडायला न्याल तर काळे मणी, दोरा बाजूला काढून वजन आपल्या डोळ्यासमोर करायला लावा, घट म्हणजे वजनातली वजावट किती धरली ते विचारा, शेठजी ओळखीचे असले तरी लाजू नका.