चिविता: पायाखालची माती सुटत चाललेलं गाव

दरीतून वर पाहिलं की आधी दिसते पांढुरकी, भेगाळलेली माती. तिच्यावर तपकिरी, सरळसोट कडा. आणि कड्याच्या अगदी काठापर्यंत आलेली घरं. कातळ कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते पटकन कळत नाही, कारण घरंही त्याच दगडाची आहेत.

हे चिविता दि बान्योरेजो. इटलीच्या लात्सियो प्रांतातलं, रोमपासून उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवरचं गाव. बारा महिने इथे राहणारी माणसं आज जेमतेम दहा-पंधरा.

गावाच्या पश्चिमेला बोल्सेना सरोवर आहे. तिथे एकेकाळी ज्वालामुखी धगधगत होते. त्यांनी उधळलेली राख थरावर थर साचत घट्ट झाली, तोच हा टफ नावाचा दगड. आपल्या सह्याद्रीचा कातळ वाहत्या लाव्हारसाचा, म्हणून टणक. हा राखेचा, म्हणून कापायला सोपा. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी इट्रस्कन लोक, म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदणारे लोक, इथे वसले, ते अशा जागेची पारख असल्यामुळेच. चारी बाजूंनी कडे, म्हणजे शत्रूला वर येणं अवघड. शिवाय दगड पोखरून तळघरं काढता येत होती, बांधायला चिरेही तिथेच मिळत होते. त्यांनी खोदलेलं एक भुयार आजही गावाखालून दरीकडे उतरतं.

पण या टफच्या खाली चिकणमाती आहे, एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. गावाचं सगळं दुखणं या मातीत आहे. पाऊस पडला की ती फुगते, उन्हात तडकते, पुढच्या पावसात वाहून जाते. दोन्ही अंगांना रिओ क्यारो आणि रिओ तोर्बिदो हे ओढे पायथा कुरतडत राहतात. खालचा आधार गेला की वरच्या टफमध्ये उभ्या भेगा पडतात. मग कधीतरी कड्याचा अख्खा तुकडा सुटतो आणि त्यावर जे काही उभं असेल ते घेऊन दरीत जातो.

तेराव्या शतकात याच गावात संत बोनाव्हेन्तुरा जन्मले. पुढे ते फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या संघाचे प्रमुख झाले, कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी झाले. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात त्यांना स्वर्गात स्थान दिलं आणि त्यांच्या तोंडून बान्योरेजोचं नावही वदवलं. ज्या घरात ते जन्मले असं मानतात, ते मात्र कड्याबरोबर केव्हाच कोसळलं.

१६९५च्या जूनमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर कारभार आणि बिशपांचं ठाणं, दोन्ही शेजारच्या बान्योरेजोत हललं. माणसंही हळूहळू त्यांच्या मागे गेली. दोन गावांना जोडणारी कड्याची चिंचोळी धारही झिजत गेली, आणि चिविता एकटी पडली.

वेशीतून आत शिरल्यावर एका जुन्या वाड्याचा दर्शनी भाग लागतो. दगडी चौकटीच्या देखण्या खिडक्या आहेत, पण त्यांतून खोल्या दिसत नाहीत, आभाळ दिसतं. मागचा वाडा दरीत गेला आहे. भूगर्भशास्त्राचं जाडजूड पुस्तक जे समजावू शकणार नाही, ते ही एक भिंत समजावते.

आज गावात जायला १९६५ साली बांधलेला पादचारी पूल आहे, जवळपास ३०० मीटर लांब. शेवटचा चढ दमवणारा आहे. कडा आवळून धरायला त्यात पोलादी सळया घातल्या आहेत. घसरणाऱ्या जमिनीची हकिगत सांगणारं एक संग्रहालयही गावातच आहे.

याच मातीत वाढलेले लेखक बोनाव्हेन्तुरा तेक्की यांनी चिविताला ‘मरणारं गाव’ म्हटलं, आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. त्याच नावाच्या ओढीने आज वर्षाला लाखो लोक येतात. २०१३पासून पुलावर शिरायला तिकीट आहे, सुरुवातीला दीड युरो, नंतर ते वाढत गेलं. गाव म्हणजे काय तमाशा आहे का, असं अनेकांना वाटतं. मला हे तिकीट रास्त वाटतं. कडा सावरायला पैसा लागतो, आणि दहा-पंधरा रहिवाशांनी तो आणायचा कुठून?

आणि गाव नुसतं पाहुण्यांच्या जिवावर उभं नाही. जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सान दोनातो चर्चसमोरच्या मातीच्या चौकात गाढवांची शर्यत लागते, तिला तोन्ना म्हणतात. त्या दिवशी पूल ओलांडून बान्योरेजोची माणसं येतात, ज्यांचे पूर्वज कधीकाळी इथूनच उठून गेले होते. मग चौकात उभं राहायलाही जागा उरत नाही.