बिनसाखरेचा चहा आणि मूठभर शेंगदाणे

मंडळी, विषय दिलाय "कॅलरी येतात कुठून", त्यावर येतोच, पण आधी माझी कैफियत ऐका. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, म्हणून मी चहातली साखर सोडली. दिवसाला चार कप, कपात एक चमचा. घरात हे जाहीर केलं, शेजारी सांगितलं, बहिणीला फोन करून सांगितलं. दोन महिने झाले, काटा जागचा हलेना! मग हिनं एक दिवस विचारलं, अहो, संध्याकाळी बातम्या बघताना डब्यातले शेंगदाणे कोण संपवतं? मी म्हटलं, त्यात कुठे साखर असते?

हसताय, पण तुम्हीही तेच करता. हिशोब बघा. चार चमचे साखर म्हणजे वीसेक ग्रॅम, 80 कॅलरी वाचल्या. मूठभर शेंगदाणे, 30 ग्रॅम धरा, 170 कॅलरी पोटात गेल्या. जिभेला गोड लगेच कळतं हो, तेल कळत नाही, हाच सगळा घोळ आहे. उपासाचं तर बोलायलाच नको, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यावर दाण्याचं कूट, त्यावर तूप, एकादशी दुप्पट खाशी हे आपल्या लोकांना कॅलरी हा शब्द यायच्या आधीपासून माहीत होतं.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत, बरं. तर कॅलरी म्हणजे उष्णता. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला लागते तेवढी, खरं तर ती किलोकॅलरी, पण बोलताना आपण किलो गिळतो. पदार्थ बंद भांड्यात ऑक्सिजन भरून जाळायचा, बाहेरचं पाणी किती तापलं ते बघायचं. पण पोट म्हणजे भट्टी नव्हे, खाल्लेलं सगळंच काही अंगी लागत नाही, म्हणून अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञानं 1890 च्या दशकात माणसांना चक्क एका खोलीत ठेवून त्यांची उष्णता मोजली, आणि जे शरीराबाहेर जातं ते वजा करायचं ठरवलं. त्यातून आलेले आकडे आजही पाकिटांवरच्या हिशोबात वापरतात: एका ग्रॅमला पिष्टमय पदार्थ 4, प्रथिनं 4, स्निग्ध पदार्थ 9.

आणि दारू 7. मागची रांग एकदम शांत झाली! व्हिस्कीत साखर नसते हे बरोबर, पण साठ मिलीत साधारण 140 कॅलरी असतात, वर चकण्याला परत तेच शेंगदाणे. शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं, आता 9 नं गुणा म्हणजे माझा काटा का हलेना ते कळेल.

चिठ्ठी आली, थांबतो. फक्त गुळाचं राहिलं. गूळ नैसर्गिक वगैरे सगळं मान्य, पण ग्रॅमला तोही चारच्या आसपास. मधाला थोड्या कमी, कारण त्यात पाणी असतं. मघाशी ज्यांनी मुद्दाम गुळाचा चहा मागवला, त्यांनी मला नंतर भेटा.