पहिला कोण उतरणार? जायंट्सची 2025 ची फळी

(सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी रसिकांसमोर बेसबॉलचा 2025 चा हंगाम सुरू होण्याआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स गेल्या वर्षी 80 सामने जिंकले आणि 82 हरले. विभागात चौथे आले. लॉस एंजेलिसवाले वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, घेऊन गेले, तो विषय आज नको. आज फक्त नऊ जण आणि त्यांचा बॅटिंगचा क्रम.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. त्यामुळे चहाच्या वेळी मघाशी तिघांनी मला आपल्या ली जंग-हूबद्दल तेच सांगितलं: ‘पहिला ली हवा, पोरगा पळतो काय!’ मला हे पटत नाही. बेसबॉलमध्ये नववा संपला की पुन्हा पहिला येतो. सामने 162, खेळणारे नऊ, भागाकार करा. क्रमात एक पायरी वर असलेल्याला हंगामात साधारण 18 वेळा जास्त बॅट हातात मिळते. मग सगळ्यात जास्त संधी कोणाला द्यायची? जो कमीत कमी वेळा बाद होतो त्याला. तो पळतो की रांगतो, हा पुढचा प्रश्न.

म्हणून माझा पहिला लामॉन्ट वेड. गेल्या वर्षी त्याचं बेसवर पोचण्याचं प्रमाण .380 होतं, म्हणजे शंभरात अडतीस वेळा. तो काही फार देखणा खेळत नाही. पण कधी नीट बघा: चेंडू प्लेटच्या, म्हणजे बॅट्समनजवळच्या जमिनीवरच्या पाटीच्या, बाहेर दोन बोटं जातो आणि ह्याची बॅट खांद्यावरून हलत नाही. पिचर, म्हणजे गोलंदाज, पुन्हा तिथेच टाकतो, हा पुन्हा सोडतो. असे बाहेरचे चार बॉल झाले की हातातली बॅट ठेवून सावकाश पहिल्या बेसवर चालत जातो. प्रेक्षक हॉट डॉग आणायला उठलेले असतात. धावा तिथून सुरू होतात.

दुसरा विली अडामेस. सात वर्षं, 182 दशलक्ष डॉलर. क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार, आणि दिला कोणी? क्लबचा माजी कॅचर आणि आता बेसबॉल विभागाचा प्रमुख असलेल्या बस्टर पोझीने, ज्याचा स्वतःचा 167 दशलक्षांचा करार आजवर सगळ्यात मोठा होता! मिलवॉकीत अडामेसने गेल्या वर्षी 32 होम रन (आपल्या षटकारासारखे सीमेपार फटके) मारले. आता आपलं दुखणं सांगतो. आपल्या जुन्या तारा बॅरी बॉन्ड्सने 2004 मध्ये 45 मारले, त्यानंतर जायंट्सच्या एकाही माणसाने एका हंगामात 30 गाठलेले नाहीत. वीस वर्षं! ओरॅकल पार्कच तसं आहे. राइट फील्डचा कोपरा 309 फुटांवर, पण तिथे 24 फुटी भिंत. थोडं मध्याकडे सरकलात की 415 फूट. वर खाडीचं गार वारं. अडामेस उजव्या हाताचा, त्याचे जोरदार फटके बहुधा लेफ्ट फील्डकडे जाणार, त्यामुळे ती भिंत त्याला तितकी नडणार नाही, तरी मी 28 म्हणतो. आमच्या घरात 33 वर पैज लागली आहे.

ली जंग-हू तिसरा. वडील ली जोंग-बोम कोरियात ‘वाऱ्याचा पुत्र’ म्हणून गाजले, म्हणून हा ‘वाऱ्याचा नातू’. गेल्या मे महिन्यात चेंडूमागे धावताना भिंतीवर आदळला, डावा खांदा निखळला, 37 सामन्यांत वर्ष आटोपलं. त्याची बॅट चेंडूला लागतेच लागते. असा माणूस पुढे दोघं बेसवर असताना यावा, मोकळ्या मैदानावर नव्हे. शिवाय वेड डावा, अडामेस उजवा, ली डावा, चौथा मॅट चॅपमन उजवा. 2020 पासून नियम असा आहे की बदली आलेल्या पिचरने, डाव आधीच संपला नाही तर, किमान तीन जणांना तरी चेंडू टाकायचे. डावखुऱ्याला डावखुरा पिचर जड जातो, म्हणून समोरच्याने वेड किंवा ली यांच्यासाठी तसा पिचर आणला, की त्याला मधल्या उजव्यालाही तोंड द्यावं लागणार.

पाचवा एलियट रामोस, लेफ्ट फील्ड. ही जागा शापित आहे. 2007 च्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात तिथे बॉन्ड्स उभा होता. तेव्हापासून सलग दोन हंगामांच्या पहिल्या सामन्यांत तोच माणूस तिथे दिसलेला नाही. रामोस मात्र गेल्या वर्षी ऑल-स्टार झाला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. क्लबने स्वतः घडवलेला आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागात उभा राहणारा) ऑल-स्टार होण्याची 1986 च्या चिली डेव्हिसनंतर ही पहिलीच वेळ. सप्टेंबरात त्याने चेंडू राइट फील्डच्या भिंतीमागच्या खाडीत थेट टाकला. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तोवर ते जमलं नव्हतं. समोर डावखुरा पिचर असेल त्या दिवशी वेडला बसवा आणि ह्याला वर आणा, असं मी मॅनेजर बॉब मेल्विनना सांगितलं असतं. त्यांनी विचारलेलं नाही.

खालचे चार पटकन. सहावा फ्लोरेस, डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा; त्याच्या गुडघ्यांची काळजी वाटते. सातवा यस्ट्रझेम्स्की, हा खराखुरा नातू, बॉस्टनचा दिग्गज खेळाडू कार्ल यस्ट्रझेम्स्कीचा. आठवा फिट्झजेराल्ड; अडामेस आल्यामुळे शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) दुसऱ्या बेसवर ढकललेला. नववा पॅट्रिक बेली, ज्याने बॅटने काहीही केलं नाही तरी मी त्याला हलवणार नाही. कॅचर (आपला यष्टिरक्षक) म्हणून गोल्ड ग्लव्ह, म्हणजे सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस, काय उगाच मिळतं?

एकूण? 83 विजय. प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, दारात, आत नाही. आणि एक नाव लिहून ठेवा: ब्राइस एल्ड्रिज, वीस वर्षांचा, सहा फूट सात इंच, पहिला बेस. तो खालच्या लीगमधून वर आला की वेडची जागा जाते, आणि मग लीला पहिला पाठवा म्हणणारे तुम्ही तिघं पुन्हा माझ्या मागे लागाल. तोवर हा क्रम माझा. विचारा, काय विचारायचंय.