पन्नासावी पोळी

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते डॉक्टर, सिस्टर आणि आरोग्यसेविकांच्या शिकवणीबद्दल. हो, शिकवणीच. पेशंटला 'चाला, नीट खा' हे सांगायचं कसं, तेही शिकावं लागतं. २०१९पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य आलं. आमची पिढी चुकत चुकत शिकली. माझी चूक मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, आज तुम्हालाही सांगते.

दादरला एक काकू पोळी-भाजी केंद्र चालवायच्या. डायबेटिस होता, माझ्या ओपीडीत यायच्या. मी केसपेपरवर लिहायचे, गोड बंद, भात कमी, रोज अर्धा तास चालणे. त्या म्हणायच्या, "हो डॉक्टर." तीन महिन्यांची साखर काढली, तर वाढलेली. मी रागावले, गोळी वाढवली. "हो डॉक्टर." पुन्हा तीन महिन्यांनी रिपोर्ट, जैसे थे.

हे 'हो डॉक्टर' म्हणजे होकार नव्हे बरं का. स्टेशनवर ओळखीचं कुणी भेटलं की आपण 'हो हो, येतो एकदा घरी' म्हणतो ना, तसलं ते.

त्याच सुमारास आमच्याकडे सिस्टरांचं प्रशिक्षण चालू होतं. त्यातली एक, रत्नागिरीकडची, काकूंशेजारी स्टूल ओढून बसली. आधी बसली, मग बोलली. म्हणाली, "काकू, काल सकाळपासून काय काय खाल्लंत, सांगाल का?"

झालं! काकू सुरू. पाचला उठायचं, सहाला तवा. सातला गोळी, नुसत्या चहाबरोबर. मग डबे. अकराच्या सुमारास हातपाय थरथरतात, घाम सुटतो. "मग गुळाचा खडा तोंडात टाकते, वर चार-पाच खाऱ्या चहात बुडवून. बरं वाटतं." जेवण दुपारी चारला, उभ्या उभ्या, उरलेल्या पोळ्यांचं. किती, ते कोण मोजतंय!

आलं लक्षात? पोटात गोळी, पण अन्न नाही. साखर धाडकन खाली. ती वर आणायला गूळ आणि खारी. आणि मी गोळी वाढवत होते! सहा महिन्यांत हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. गोळी मी त्याच दिवशी पहिल्यासारखी केली. (तुम्ही घरच्या घरी असं काही करू नका, डॉक्टरांना विचारा.)

खारीवरून आठवलं. 'मी फक्त मारी खाते' असं पेशंट इतक्या अभिमानाने सांगतात, जणू मारी केमिस्टकडे मिळते. मैदाच तो, बाई! आणि आहाराच्या पोस्टरवर ब्रोकोली छापणाऱ्यांना मी एकदा भाजीगल्लीत नेणार आहे. शेपू, चवळी, लाल माठ यांनी काय घोडं मारलंय?

असो. सिस्टरने सल्ला दिलाच नाही. विचारलं, "यातलं काय बदलता येईल, काकू?" काकू म्हणाल्या, "वेळ पाळायला सांगू नकोस. माझं घड्याळ पोळ्यांचं. पन्नास झाल्या की सात वाजतात. पन्नासावी पोळी माझी. भाजीबरोबर खाईन, तेव्हाच गोळी." आणि चालायचं? "शिवाजी पार्कात फेऱ्या मारायला मला कुठली सवड? पण गोखले रोडचे चार डबे पोराऐवजी मी पोचवीन."

शिकवायचं ते एवढंच. आधी विचारा, मग सांगा. पुन्हा सांगते, आधी विचारा, मग सांगा. बदल एकच ठरवा, तोही पेशंटने सुचवलेला, आणि पुढच्या खेपेला त्याचीच चौकशी करा. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारू सुटावी म्हणून अशी बोलण्याची रीत मांडली, ती डायबेटिसलाही चालते.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सांगते. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, इतपत वेग. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसचा अभ्यास छापून आला. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकर २०२३ मध्ये गेल्या. वरच्या मजल्यावरची ती पुढची सीट आणि तोंडावर येणारं वारं! नव्या एसी गाडीत ती मजा नाही, कुणी काहीही म्हणो.

हां, तर सिस्टरने केसपेपरवर लिहिलं, 'पन्नासावी पोळी, गोळीसोबत.' पुढच्या महिन्यात मी रजेवर होते, माझ्या जागी एक नवा डॉक्टर. काकू समोर बसलेल्या असताना त्याचा मला फोन. दबक्या आवाजात विचारतो, "मॅडम, हे पन्नासावी पोळी कुठल्या कंपनीचं?"