ईसीजी सुधारला, पण पेशंट?

हृदयाचे ठोके बिघडले तर उपचार काय करायचे, यावर गेल्या चाळीस वर्षांत प्रचंड संशोधन झालं. ते सगळं तासाभरात सांगता येणार नाही, म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेऊन आले आहे. उपचार लागू पडला, असं कधी म्हणायचं? ईसीजी सुधारला तेव्हा, की पेशंट जगला तेव्हा? ऐकताना दोन्ही एकच वाटतं. आमच्या क्षेत्रातल्या उत्तमोत्तम डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं, आणि त्याची किंमत पेशंटनी मोजली.

गोष्ट अमेरिकेतली आहे, १९८० च्या दशकातली. हार्ट अ‍ॅटॅकमधून वाचलेल्या माणसाला चोवीस तास ईसीजी नोंदवत राहणारं होल्टर मशीन लावलं की पट्टीवर अधूनमधून एक निराळाच ठोका दिसतो. नेहमीचा ठोका अरुंद, टोकदार आणि ठरलेल्या अंतरावर येणारा. हा मात्र वेळेआधीच घुसतो, रुंद आणि ओबडधोबड असतो, आणि त्याच्यामागे जरा जास्तच मोकळी जागा सुटते. ‘डॉक्टर, मधेच ठोका चुकतो,’ असं पेशंट सांगतात ते हेच. हे ठोके हृदयाच्या खालच्या कप्प्यात उठतात. अ‍ॅटॅकनंतर ज्यांना ते जास्त येतात, त्यांच्यात अचानक मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं, हे तेव्हा माहीत झालं होतं. मग तर्क सरळच होता: ठोके बंद करा, मृत्यू टळतील. औषधंही हाताशी होती, फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड. गोळी सुरू केली की होल्टरची पट्टी स्वच्छ व्हायची. पेशंट खूश, डॉक्टरही खूश.

याची एकदा नीट शहानिशा करावी म्हणून तिथल्या सरकारी हृदयरोग संशोधन संस्थेने ‘कास्ट’ नावाची चाचणी हाती घेतली. निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत, ना डॉक्टरला. याला विरोध झाला. इतकं चांगलं औषध हाताशी असताना निम्म्या पेशंटना ते न देणं अनैतिक आहे, असं अनेक डॉक्टरांचं म्हणणं होतं. चाचणी आखणाऱ्यांनीही सुरुवातीला संख्याशास्त्राचं गणित फायद्याच्याच बाजूने मांडलं होतं. अपाय होईल, हे कोणाच्या मनातच नव्हतं.

इथला एक बारकावा नीट ऐका. या चाचणीत आधी प्रत्येकाला औषध देऊन पाहिलं, आणि ज्यांचे जादा ठोके निदान ८० टक्क्यांनी कमी झाले, त्यांच्यातच ही वाटणी केली. म्हणजे औषध ज्यांना लागू पडलं होतं, तेच हे लोक. एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मधेच थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके बिघडून आलेला मृत्यू टाळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. ते मृत्यू मोजले तर ४३ विरुद्ध १६.

असं का झालं? ही औषधं हृदयाच्या पेशींत सोडियम शिरण्याच्या वाटा अडवतात, त्यामुळे विजेचा संदेश मंदावतो. धडधाकट स्नायूत त्याने सहसा बिघडत नाही, म्हणून फ्लेकेनाइड आजही निवडक पेशंटना आम्ही विचारपूर्वक देतो. पण अ‍ॅटॅकने व्रण पडलेल्या स्नायूत हा मंदावलेला संदेश व्रणाला वळसा घालून पुन्हा सुरुवातीच्या जागी येतो. तोवर तिथला स्नायू पुन्हा आकुंचन पावायला तयार झालेला असतो, आणि संदेश गोल गोल फिरत राहतो. खालचा कप्पा नुसता थरथरतो, रक्त पुढे सरकत नाही, आणि काही मिनिटांत माणूस जातो. जादा ठोके हे जखमी हृदयाचं लक्षण होतं. ते घालवल्याने जखम भरून येत नव्हती. नुसता ताप उतरवून न्यूमोनिया बरा होत नाही, तसंच हे.

या प्रकरणातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र दुसरीच आहे. दवाखान्यात बसून एकाही डॉक्टरला हे उमगलं नसतं. अ‍ॅटॅक येऊन गेलेला माणूस अचानक गेला, तर आजारच तसा होता, असंच वाटणार. ‘आपण गोळी चालू ठेवली म्हणून इतके दिवस तरी निघाले,’ असंही वाटणार. दोन गट शेजारी शेजारी ठेवून मृत्यू मोजले, तेव्हाच ते दिसलं. स्वतःच्या अनुभवाचा दाखला देणारा डॉक्टर खोटं बोलत नसतो. पण ‘माझ्या अनुभवात हे औषध छान चालतं’ एवढ्यावर कोणी थांबलं, तर मला आजही धास्ती वाटते.

आता तुमच्या घरात असू शकेल अशा विकाराकडे येते, एट्रियल फिब्रिलेशनकडे. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून थरथरत राहतात. मनगटावर बोटं ठेवली तर नाडीचे दोन ठोके लगोलग, मग थांबा, मग एक हलका, मग एक जोरात. कुठलाच ताल सापडत नाही. वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. पुन्हा तोच तर्क पुढे आला, की ताल पूर्ववत केला म्हणजे माणूस जास्त जगेल. २००२ मध्ये ‘अफर्म’ या ४,०६० पेशंटच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ताल टिकवण्याची औषधं देऊन आयुष्य वाढलं नाही. ताल तसाच ठेवून फक्त गती आवरली तरी चालत होतं. अर्धांगवायू झाला तो बहुतेक अशांना, ज्यांनी रक्त पातळ ठेवण्याची गोळी सोडली होती किंवा ज्यांना ती कमी पडत होती. ताल सुधारला म्हणून ही गोळी बंद करायची नाही, हे तेव्हापासून आम्ही प्रत्येक पेशंटला बजावतो.

पण २०२० मध्ये ‘ईस्ट’ चाचणीने वेगळंच दाखवलं. निदान होऊन वर्ष उलटायच्या आत ताल सुधारायला घेतला आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळीही चालू ठेवली, तर हृदयविकाराने होणारे मृत्यू, अर्धांगवायू आणि हृदयासाठी अ‍ॅडमिट व्हावं लागणं, हे सगळं मिळून मोजल्यावर खरोखर कमी झालं. काही जण यावर म्हणतात, ‘तुम्ही डॉक्टर दर वीस वर्षांनी शब्द फिरवता.’ मला हे संशोधनाचं बळ वाटतं. तेव्हाचे पेशंट वेगळे होते, औषधं वेगळी होती, उपचार सुरू करण्याची वेळ वेगळी होती. अ‍ॅब्लेशनचंही, म्हणजे हृदयात नळी घालून ताल बिघडवणारी जागा निकामी करण्याचंही, असंच आहे. धाप, धडधड, थकवा यांवर त्याचा चांगला उपयोग होतो, आणि तेवढ्यासाठी ते करून घेणं अगदी योग्य आहे. मात्र ‘यामुळे आयुष्य वाढेल’ असं सरसकट कोणाला सांगता येत नाही.

शेवटी आपल्याकडचा भाग. पाश्चात्त्य देशांत एट्रियल फिब्रिलेशन हा मुख्यतः सत्तरीतल्या लोकांचा आजार आहे. आपल्याकडे लहानपणी घसा सुजून पुढे सांधेवाताचा ताप आलेल्या, त्यातून हृदयाची झडप अरुंद झालेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांनाही तो गाठतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत झडप बरीच अरुंद झालेल्या पेशंटना घेतलंच नव्हतं. तरीही नवी गोळी सोयीची, दर महिन्याला रक्त तपासायला नको, म्हणून यांनाही तीच बरी, असं वाटायला लागलं होतं.

ते तपासणारी ‘इन्व्हिक्टस’ ही चाचणी आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत झाली. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. पेशंटचं सरासरी वय पन्नाशीचं, आणि दर दहांतल्या सात बायका. २०२२ मध्ये निकाल आला. रिव्हारोक्सॅबॅन ही नवी गोळी घेणाऱ्या २,२७५ जणांत ५५२ मृत्यू, वॉरफरिनसारखी जुनी गोळी घेणाऱ्या २,२५६ जणांत ४४२. जुन्या गोळीने रक्तस्रावही जास्त झाला नाही. हा फरक का पडला, यावर अजून चर्चा चालू आहे. दर महिन्याच्या तपासणीमुळे पेशंट डॉक्टरांच्या नजरेखाली राहतात हे एक कारण असावं, असं काहींचं मत आहे. मृत्यूंमधला सगळा फरक तेवढ्याने उलगडत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या अशा बायकांच्या पिशवीत एक छोटी वही असते. तारीख, आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, आणि पुढे गोळीचं प्रमाण, ‘सोम ते शुक्र अर्धी, शनि-रवि पाऊण’. आकडा दोन ते तीनच्या दरम्यान राहावा, एवढ्यासाठी त्या पहाटेची एसटी धरून, दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला येतात. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारी यंत्रं आज मिळतात. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावीत, असा माझा आग्रह आहे आणि तो मी जिथे बोलते तिथे मांडते. तुमच्यापैकी कोणाची झडप अरुंद असेल आणि जुनी गोळी चालू असेल, तर शेजाऱ्याला नवी दिली म्हणून स्वतःहून बदलू नका. पालक-मेथी सोडायची गरज नाही, फक्त रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा. आणि दात काढायला गेलात तरी ती वही आधी डॉक्टरांपुढे ठेवा.