चपला खंय आसत?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय रंगभूमीवरून पडद्यावर गेलेल्या प्रेमाच्या गोष्टींविषयी. कालिदासाचं 'शाकुंतल' व्ही. शांताराम यांनी १९४३ साली पडद्यावर आणलं, शकुंतला झाल्या जयश्रीबाई. तो विषय मोठा, पुन्हा कधीतरी. आज बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'. म्हणजे आपली 'ती फुलराणी' हो! पु. लं.ची, १९७५ सालची, भक्ती बर्वेंची.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. फुलं विकणारी पोर एलायझा, भाषेचा प्रोफेसर आणि तिला बड्या घरच्या बाईसारखं बोलायला शिकवायची पैज. शॉच्या नाटकात ती शेवटी निघून जाते. निघून जाते, हे ध्यानात ठेवा. दोघांचं लग्न शॉला मुळीच नको होतं. पण १९३८ साली सिनेमा निघाला आणि तिथे ती परत येते. पटकथेसाठी इतरांबरोबर शॉलाही ऑस्कर मिळालं, शेवट मात्र त्याच्या मनासारखा नाही.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात, शाळेच्या पडवीत. मे महिना. एका चाकरमान्यानं मुंबईहून प्रोजेक्टर आणलेला. पडदा म्हणजे आमच्याच घरचं धोतर, वारा सुटला की लंडनच्या पोटात कळ आल्यासारखं दिसायचं. (चित्र असं हलतं-बोलतं हवं. हल्लीच्या थंडगार थेटरात माणूस सिनेमा बघायला जातो की शाल विसरल्याचा पश्चात्ताप करायला?) इंग्रजी कुणाला येतंय! तेव्हा गुरुजी काठी घेऊन पडद्याशेजारी उभे, आणि सगळं मालवणीत सांगायला लागले. एलायझा लंडनच्या गल्लीतलं बोलायची, गुरुजी आमच्या तिठ्यावरचं. मग प्रोफेसर तिची भाषा सुधारायला बसला, तशी माझी आत्या मागून ओरडली, "सुदारूक काय झाला? बरा तर बोलता चेडू!"

पुढे एलायझा चिडून प्रोफेसरच्या अंगावर चपला फेकते. पडवीत टाळ्या. आत्या तर उभीच राहिली.

मग तो शेवट. प्रोफेसर एकटाच घरी येतो, यंत्रावर तिचा जुना आवाज ऐकत बसतो. नाटकात दार लागलं की लागलं, कॅमेरा मात्र मागे राहिलेल्या माणसापाशी रेंगाळतो. तिथेच शॉ हरला असं मला वाटतं, कारण एकटा बसलेला पुरुष दाखवला की बायकांचं मन पाघळतं, असा सिनेमावाल्यांचा जुना समज. यंत्र बंद पडतं, मागून तिचा खरा आवाज येतो. ती परत आलेली असते. प्रोफेसर विचारतो, आणि गुरुजी काठी आपटून सांगतात, "एलायझा, माजी चपला खंय आसत?"

पडवी चिडीचूप. पोरी डोळे पुसतायत. आणि आत्या?

"ज्या चपलांनी तिना हाणल्यान, तीच तिच्याकडे मागता? खुळो मा काय हो!" असं म्हणून ती उठली आणि धोतर सोडायला लागली. रीळ अजून संपलेलं नव्हतं. 'समाप्त' ही अक्षरं आम्ही आत्याच्या पाठीवर वाचली, इंग्रजीत.