गोलात उभा असलेला माणूस

(सावंतवाडीतल्या एका व्याख्यानमालेतील भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, इथे यायला निघालो तेव्हा शेजारच्या आबांनी हटकलं. "खंय चललास?" म्हटलं, कोकणातल्या फुटबॉलवर बोलायला. आबा म्हणाले, "आपल्याकडे खंयचो फुटबॉल? कबड्डी म्हण, किरकेट म्हण." आबांचं म्हणणं बांद्यापर्यंत बरोबर आहे. गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली की चुकतं. आणि किनारा काही पत्रादेवीच्या नाक्यावर थांबत नाही.

तेरेखोल ओलांडून पेडण्यात उतरा, पुढे शापोरा ओलांडा, की शिवोली. १८८३ साली फादर विल्यम लायन्स नावाचे ब्रिटिश धर्मगुरू हवापालटासाठी तिथे आले आणि त्यांनी पोरांना फुटबॉल शिकवला. राज्य पोर्तुगिजांचं, खेळ आणला इंग्रजाने. पण तो रुजला चर्चच्या अंगणात आणि भाताच्या कुणग्यांत. कापणी झाली की मेरा, म्हणजे बांध, थोड्या सपाट करायच्या, चार बांबू रोवायचे, झालं मैदान. अनवाणी पाय आणि खाली धसकटं. चेंडू टप्पा पडून कुठे वळेल याचा नेम नाही. त्यामुळे पायाखाली चेंडू मेल्यासारखा पाडायची कला ज्याला साधली तोच टिकला. गोव्याच्या खेळाडूंच्या नाजूक पायाचं कौतुक होतं ना, त्याचं श्रेय मी अर्धं त्या धसकटांना देतो.

आपल्याकडचा चाकरमानी जसा गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत राहायचा, तसा गोंयकार मुंबईत आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात राहायचा. पोटापाण्यासाठी मुंबई गाठलेल्या या घरांतून मोठे खेळाडू निघाले. नेव्हिल डिसोझा हे मूळचे गोव्याकडचे, वाढले मुंबईत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असं हरवलं, त्यात तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, पण सामना आपण हरलो आणि शेवटी चौथे आलो. गंमत बघा, ज्याच्या पूर्वजांचा गाव अजून पोर्तुगालच्या ताब्यात होता, तो भारतासाठी गोल मारत होता. कोलवाळचे फोर्तुनात फ्रँको लहानपणीच मुंबईला आले, टाटांच्या संघातून खेळले. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २–१ने हरवून सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात ते होते.

१९६१ला गोवा मुक्त झाला आणि मग खाणमालकांची संघांवर माया जडली. साळगावकर, धेंपो, सेझा गोवा. लोखंडाच्या खनिजावर चाललेला फुटबॉल, असं कुणी म्हटलं तर त्यात खोटं काही नाही.

आता माझा खरा विषय. आम्ही पोरं गावात खेळायचो तेव्हा जो जाडा, जो धावत नाही, त्याला गोलात उभं करायचे. तो मीच. म्हणून माझा जीव गोलकीपरमध्ये अडकलेला.

ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकरांच्या गोलात ते सतरा वर्षं उभे राहिले. १९८३च्या सुमाराला गोव्याने संतोष करंडक, म्हणजे राज्याराज्यांतली राष्ट्रीय स्पर्धा, पहिल्यांदा जिंकला, पण बंगालबरोबर वाटून. अर्धा करंडक म्हणजे अर्धं जेवण. पुढच्या स्पर्धेत, मद्रासला, अंतिम सामन्यात पंजाबला १–० असं हरवलं आणि करंडक सगळाच्या सगळा घरी आला. कर्णधार ब्रह्मानंद. अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. ५७६ मिनिटं! नव्वद मिनिटांचा सामना धरला तर सहा सामने आणि वर छत्तीस मिनिटं.

त्या काळात गोव्यातली मराठी वर्तमानपत्रं सकाळच्या गाडीने सावंतवाडीत यायची. स्टँडवरच्या चहावाल्याकडे एकच अंक असायचा, आणि त्यातलं खेळाचं पान माझ्या हाती येईपर्यंत भज्यांच्या तेलाने पारदर्शक झालेलं असायचं. पलीकडच्या पानावरची निधनवार्ता आणि अलीकडचा ब्रह्मानंदांचा फोटो एकात एक दिसायचे. हात मात्र स्पष्ट दिसत होते, चेंडू छातीशी धरलेले, पोर उचलल्यासारखे. भारताचं कर्णधारपद त्यांना मिळालं, १९९७ला अर्जुन पुरस्कार, आणि पद्मश्री यायला २०२२ साल उजाडलं. गोल मारणाऱ्याला इतकी वाट बघावी लागली असती का, असं मला आपलं वाटतं.

पुढची यशं भराभर सांगतो. साळगावकर फेडरेशन कप जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब, १९९८–९९ला राष्ट्रीय लीगही त्यांची. गोव्याचा नावाजलेला खेळाडू ब्रुनो कुतिन्हो याच काळातला. मग प्रशिक्षक आर्मांदो कोलासोंच्या हाताखाली धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदं घेतली. त्यातल्या पहिल्याला काळी किनार आहे. ५ डिसेंबर २००४, बंगळुरू, फेडरेशन कपची अंतिम लढत, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर याने दुसरा गोल मारला आणि त्याच क्षणी गोलकीपरशी धडकून कोसळला. तो उठलाच नाही. कप धेंपोने २–०ने जिंकला, नाचायला कोणी नव्हतं. त्याचा दहा नंबरचा शर्ट क्लबने कायमचा घडी करून ठेवला आणि त्याच हंगामात लीग जिंकली.

२० डिसेंबर २०१५ला मी गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर होतो, पुतण्याला घेऊन. इंडियन सुपर लीगची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नई. गोव्याचे प्रशिक्षक झिको. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलाने गोवा २–१ पुढे गेला. माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईने खुर्चीवर उभं राहून पदर कमरेला खोचला. पुतण्या म्हणाला, काका, आता निघू या, गाडी चुकेल. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू गोव्याचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्याकडूनच त्याच्या जाळ्यात गेला. स्वयंगोल, २–२. नव्वद मिनिटांवरच्या भरपाई वेळेत चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा मारला. २–३. बाई हळूच खाली बसली. परतीच्या वाटेवर गाडीत म्हापशापर्यंत कोणी बोललं नाही, आणि बोलायला लागले ते कट्टीमनीलाच शिव्या घालायला. मी गप्प. गोलात उभं राहून चुकलेल्या माणसाला मी काय बोलणार?

सव्वासहा वर्षांनी, २० मार्च २०२२, तेच फातोर्डा, तीच स्पर्धा, पुन्हा फायनल. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, १–१ अशी बरोबरी, मग पेनल्टी. हैदराबादच्या गोलात कट्टीमनी. एक अडवली. दुसरी अडवली, तर पंच म्हणाले रेषा आधी सोडलीस, पुन्हा मारू द्या. पुन्हा मारली, पुन्हा अडवली. मग आणखी एक. हैदराबाद ३–१ जिंकलं.

मी घरी टीव्हीसमोर होतो. आबा दारात येऊन विचारत होते, "कोण जिंकलो?"

म्हटलं, "गोलकीपर."